ग्लासात ग्रेपफ्रूट, खिशात बीपीची गोळी

वर्षअखेर जवळ आली की बारामती-इंदापूरकडच्या बंगल्यांत आणि शेतघरांत बैठकी रंगू लागतात. पूर्वी या बैठकीचा बेत ठरलेला असे. व्हिस्की किंवा रम, सोडा, शेंगदाणे, भिगवणची मासळी आणि शेवटी मटण. आता त्यात नवे पदार्थ येऊ लागले आहेत. पुण्यात नोकरी करणारी, शनिवार-रविवारी गावी येणारी तरुण मंडळी मोबाइलवरच्या रील्स पाहून घरीच कॉकटेल बनवतात. टकिला, ग्रेपफ्रूटचा रस, लिंबू, चिरलेली हिरवी मिरची आणि ग्लासाच्या कडेला तिखट-मीठ ही त्यातली सध्या चलती असलेली कृती. मेक्सिकोत टकिला आणि ग्रेपफ्रूट सोड्याच्या पेयाला ‘पालोमा’ म्हणतात. त्याचेच हे झणझणीत रूप. तिखट-मिठाची चटक असलेल्या आपल्या जिभेला ते लगेच आवडते, यात नवल नाही.

घरी पिण्याकडे कल वाढायला धोरणाचाही हातभार आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याने परवानाधारकांना घरपोच मद्य द्यायला परवानगी दिली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, त्यावर वादंग उठले आणि तो बारगळला. मग जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क तिपटीवरून साडेचारपट केले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशी दारूसाठी ८० रुपये, धान्यापासून बनणाऱ्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’साठी १४८ रुपये, देशी बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. यातून तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असे सरकारने सांगितले. परमिट रूममधला पेला महागला की चार मित्र मिळून एक बाटली आणतात आणि घरी बसतात, हा साधा हिशेब आहे.

पण घर म्हणजे बार नव्हे. बारमध्ये निदान पेग मोजून मिळतो. घरी माप नसते, प्रमाण नसते आणि पाहुण्यांमध्ये कोण कोणती गोळी घेतो हे यजमानाला माहीत नसते. या एका पेल्यात ग्रेपफ्रूट, मिरची, लिंबू आणि मद्य असे चार घटक आहेत. प्रत्येकामागे थोडे विज्ञान आहे आणि प्रत्येकापाशी सावध राहण्याचे एक कारण आहे. त्यातले सर्वांत कमी माहीत असलेले कारण ग्रेपफ्रूटचे आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे

बारामती-इंदापूर हा द्राक्ष-डाळिंबाचा टापू. बारामतीजवळ रोटी गावात वायनरीही उभी राहिली. त्यामुळे ‘ग्रेपफ्रूट’ ऐकले की इथे पहिल्यांदा द्राक्षच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या फळाचा द्राक्षाशी काही संबंध नाही. ते लिंबूवर्गातले फळ आहे. झाडाला द्राक्षांच्या घोसासारखे झुबक्याने लागते म्हणून इंग्रजीत त्याला ते नाव पडले. आपले पपनस आणि गोड संत्रे यांच्या नैसर्गिक संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर ते जन्मले. म्हणजे नात्याने ते पपनसाचे लेकरू. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारे जाड सालीचे, गुलाबी किंवा पांढऱ्या गराचे पपनस आपल्याला परके नाही. ग्रेपफ्रूट मिळाले नाही की अनेक जण त्याऐवजी पपनसाचाच रस वापरतात. चवीला ते जमतेही.

हे नाते औषधांच्या बाबतीत महत्त्वाचे ठरते. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरानोकुमारिन नावाची रसायने असतात. पपनसातही ती असतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाने पपनस खाल्ल्यावर त्याच्या रक्तात टॅक्रोलिमस या औषधाचे प्रमाण वाढल्याची वैद्यकीय नोंद आहे. द्राक्षाच्या रसाला हा इशारा लागू नाही. नावाच्या घोटाळ्यामुळे कोणी द्राक्ष सोडून पपनस पिऊ नये, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

दारूची चव लपवताना लागलेला शोध

ग्रेपफ्रूट आणि औषधांचे भांडण जगाला कळले ते मद्यामुळेच. कॅनडातल्या लंडन, ऑन्टॅरिओ इथे डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे तपासत होते. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना आपण मद्य पीत आहोत की नुसता रस, हे कळू नये म्हणून मद्याची चव झाकेल असा रस हवा होता. एका शनिवारी संध्याकाळी बेलींनी घरच्या फ्रिजमधले रस एकेक करून मद्यात मिसळून पाहिले. ग्रेपफ्रूटच्या रसाने चव नीट झाकली गेली, म्हणून तो निवडला.

प्रयोग झाला आणि आकडे पाहून सगळे बुचकळ्यात पडले. मद्य घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या, दोघांच्याही रक्तात औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होते. संशयाची सुई रसाकडे वळली. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाण्याबरोबर घेतलेल्या फेलोडिपिनच्या तुलनेत ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतलेले औषध रक्तात सरासरी पावणेतीन पटींहून अधिक पोहोचल्याचे दिसले. काही जणांत ते चौपटीच्याही पुढे गेले. संत्र्याच्या रसाने असे काही घडले नाही.

याचे कारण आतड्यात आहे. आपण गिळलेली अनेक औषधे रक्तात शिरण्याआधीच आतड्याच्या अस्तरात काही प्रमाणात मोडली जातात. हे काम सीवायपी३ए४ नावाचे विकर करते. त्याला जकात नाक्यावरचा कारकून समजा. शंभरातले बरेचसे औषध तो नाक्यावरच अडवतो. औषध कंपनी गोळीचा डोस ठरवते तो ही गळती गृहीत धरून. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन या विकराला कायमचे निकामी करतात. नाक्यावर कोणी उरत नाही आणि सगळा माल आत जातो. गोळी एकच घेतलेली असते, पण शरीराच्या दृष्टीने ती दोन-तीन गोळ्यांइतकी ठरते.

शरीराला नवे विकर तयार करायला एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे ‘गोळी सकाळी घेतली, ग्रेपफ्रूट रात्री घेतले, मध्ये बारा तास गेले’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. एक मोठा पेलाभर रस, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, हा परिणाम घडवायला पुरेसा असतो. कॉकटेलच्या एका ग्लासात रस कमी असतो हे खरे, पण असे ग्लास एका बैठकीत किती होतात, हे प्रत्येकाने स्वतःशीच मोजावे.

कोणत्या गोळ्या, कोणता धोका

बेली यांनीच २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार ८५हून अधिक औषधांवर ग्रेपफ्रूटचा परिणाम होऊ शकतो आणि त्यातल्या ४३ औषधांच्या बाबतीत तो गंभीर असू शकतो. सगळी यादी इथे देण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या घराघरांत ज्या गोळ्या असतात त्यांच्यापुरते पाहू.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी फेलोडिपिन आणि निफेडिपिन यांच्यावर परिणाम ठळक आहे. आपल्याकडे सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनवर तो किरकोळ आहे आणि टेल्मिसार्टनच्या बाबतीत ग्रेपफ्रूटची अडचण नाही. पण मद्याची आहे. मद्य रक्तवाहिन्या सैलावते, त्यात रक्तदाबाची गोळी पोटात असेल तर बसलेला माणूस एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. साठीच्या पुढच्या माणसाला अशा वेळी पडून खुब्याचे हाड मोडणे परवडणारे नसते.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत सिम्व्हास्टॅटिनवर ग्रेपफ्रूटचा परिणाम मोठा आहे, अटॉर्व्हास्टॅटिनवर मध्यम आहे आणि रोसुव्हास्टॅटिनवर जवळपास नाही. स्टॅटिनचे प्रमाण फार वाढले तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. अंग दुखते, अशक्तपणा येतो, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. हे दुर्मीळ आहे, पण ‘काल जास्त झाली, म्हणून अंग दुखतंय’ असे म्हणून दुर्लक्ष होण्याचा धोका आहे.

प्रत्यारोपण झालेल्यांची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे चालू असतील तर ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण वर्ज्य. काही औषधांबाबत उलटेही घडते. ॲलर्जीवरच्या फेक्सोफेनाडिनचे शोषण ग्रेपफ्रूटमुळे घटते आणि गोळी कमी लागू पडते.

मधुमेहींना ग्रेपफ्रूटपेक्षा मद्याचीच भीती अधिक. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी मद्य घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर उतरलेला माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, घामाघूम होतो. बैठकीतले बाकीचे म्हणतात, ‘याला चढली.’ त्याला झोपवले जाते आणि सकाळपर्यंत कोणी पाहत नाही. अशा माणसाची साखर तपासणे आणि शुद्धीवर असेल तर त्याला साखरपाणी देणे, यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काही न देता तडक दवाखाना गाठावा. झोपेच्या किंवा घबराटीवरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि मद्य हा तर थेट श्वास मंदावणारा मेळ आहे. तो कुठल्याच प्रमाणात सुरक्षित नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या प्रौढांपैकी जवळपास दर चार पुरुषांत एकाचा आणि दर पाच स्त्रियांत एकीचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे सुमारे १४ टक्के पुरुष मद्य घेत असल्याचे दिसले. म्हणजे आठ-दहा जणांच्या बैठकीत गोळी खिशात असलेला एखादा तरी माणूस असणार, असे धरूनच चालावे.

मिरची: जीभ एक, जळजळ दोन

मिरचीचा तिखटपणा ही खरे तर चव नाही, ती वेदना आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहकाला चेतवते. हा ग्राहक मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की तो मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप देतो. कॅप्सेसिन तोच निरोप उष्णता नसतानाही पाठवते. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला आणि त्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापौटियन यांच्यासह मिळाले.

गंमत अशी की मद्याची घशातली जळजळही याच ग्राहकामुळे असते. मद्यामुळे त्याचा उंबरठा ४२ अंशांवरून ३४ अंशांच्या आसपास खाली येतो, असे २००२ मधल्या संशोधनात दिसले. आपल्या शरीराचेच तापमान ३७ अंश. त्यामुळे मद्य पोटात उतरताना शरीराची स्वतःची ऊबच ‘आग’ म्हणून जाणवते. ही जळजळ एक प्रकारचा ब्रेक असतो. कडक मद्य कोणी पाण्यासारखे घटाघटा पीत नाही, ते तिच्यामुळेच. मिरची, आंबट, गोड आणि खारट यांची फोडणी दिली की हा ब्रेक कुठला आणि मिरचीचा झणका कुठला, हेच कळेनासे होते. पेय चविष्ट लागते आणि पेला लवकर रिकामा होतो. त्यात सोड्यासारखे फसफसणारे पेय असेल तर काही जणांत मद्य रक्तात अधिक वेगाने शिरते, असे प्रयोगांत आढळले आहे.

दुसरी गोष्ट जातीची. परदेशी कृतीत ‘एक जलापेनो चिरून घाला’ असे असते. जलापेनोचा तिखटपणा स्कोव्हिल मापावर २,५०० ते ८,००० असतो. आपली रोजची ज्वाला किंवा लवंगी याहून कितीतरी तिखट. शिवाय कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, पण मद्यात सहज विरघळते. ठेच्यातली मिरची आणि मद्यात रात्रभर भिजवलेली मिरची यांत म्हणूनच फरक पडतो. मद्यात तिचा अर्क उतरतो. ज्यांना आम्लपित्त, जठराचा व्रण किंवा मूळव्याध आहे त्यांच्यासाठी मद्य, आम्ल आणि कॅप्सेसिन हे त्रिकूट दुसऱ्या दिवशीची हमखास शिक्षा आहे. मिरची मद्यात घालायचीच असेल तर बी आणि आतला पांढरा भाग काढून, पाच-दहा मिनिटांत चव पाहून गाळून घ्यावी.

तोंड पोळले तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण पाण्याने कॅप्सेसिन धुतले जात नाही, उलट तोंडभर पसरते. दूध, दही किंवा ताक घ्यावे. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवते. मिरची चिरलेले हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत. हे आपल्या घरातल्या बायकांना शिकवावे लागत नाही. पण बैठकीची तयारी करणारे पुरुष रोज मिरची चिरणारे असतीलच असे नाही.

लिंबू आणि दुपारचे ऊन

ग्रेपफ्रूटमधल्या ज्या फ्युरानोकुमारिनबद्दल आपण बोललो त्याच कुटुंबातली रसायने लिंबाच्या सालीत आणि रसातही असतात. ती त्वचेवर लागलेली असताना ऊन पडले तर उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ती चेततात आणि त्वचा भाजते. एक-दोन दिवसांनी लाल चट्टे किंवा पाण्याचे फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात. पाश्चात्त्य देशांत समुद्रकिनारी लिंबे पिळून मार्गारिटा बनवणाऱ्यांच्या हातांवर हे इतक्यांदा दिसले, की त्याला ‘मार्गारिटा बर्न’ असेच नाव पडले. आपल्याकडे कोडावर बावची देऊन उन्हात बसवण्याची जुनी पद्धत आहे. त्यामागे याच गटातले सोरालेन हे रसायन आहे. तिथे ते मोजून-मापून उपचारासाठी वापरतात, इथे ते नकळत हातावर राहते.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला, लख्ख उन्हाचा प्रदेश. शेतात दुपारच्या पार्टीला लिंबे पिळली, हात नुसते पुसले आणि उन्हात क्रिकेट खेळायला गेले, तर फोड यायला एवढे पुरते. हुरड्याच्या वेळी चटणीवर लिंबू पिळतानाही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हात साबणाने धुतले की प्रश्न मिटतो. मुलांच्या हातावर विचित्र आकाराचे काळे डाग दिसले तर तेही कधी कधी लिंबाचेच असतात.

टकिला, घायपात आणि नकली बाटली

टकिला हे मेक्सिकोतल्या हालिस्को आणि आजूबाजूच्या ठरावीक भागातच बनणारे मद्य. १९७४ पासून त्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. निळ्या अगेव्ह वनस्पतीचा सहा-सात वर्षे वाढलेला गड्डा भाजून त्यातली साखर आंबवतात आणि ऊर्ध्वपातन करतात. किमान ५१ टक्के साखर अगेव्हची असावी लागते, बाकीची उसाचीही चालते. ‘शंभर टक्के अगेव्ह’ असे लिहिलेली बाटली म्हणूनच महाग असते.

अगेव्हचा एक भाऊबंद आपल्या बांधांवर उभा आहे. त्याचे नाव घायपात. दोराच्या वाखासाठी आणि कुंपणासाठी लावलेली ही वनस्पतीही मूळची अमेरिका खंडातलीच. दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या अगेव्हपासून आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यात परवानाधारक मद्य तयार झाले आहे, त्यामुळे ‘आपल्या बांधावर टकिला उगवते’ अशा गप्पा रंगतात. गप्पांपुरते ठीक. घायपाताच्या रसात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. तो अंगाला लागला तर खाज सुटते आणि पुरळ उठते. कोरफडीसारखी दिसते म्हणून कोणी त्याचा गर खाऊ नये किंवा चेहऱ्याला लावू नये. घरी ऊर्ध्वपातन करणे तर कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय जिवावर बेतणारे आहे.

जिवावर बेतण्याचा दुसरा रस्ता नकली बाटलीचा. शुल्क वाढले की परराज्यातून चोरून आणलेल्या आणि उंची मद्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळते. मिथेनॉल मिसळलेले मद्य चवीवरून किंवा वासावरून ओळखू येत नाही. मिरची आणि ग्रेपफ्रूटच्या झणक्यात तर मुळीच नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, ती मिथेनॉलचीच करामत होती. लक्षणे लगेच येत नाहीत. बारा ते चोवीस तासांनी डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी सुरू होते आणि नजर धूसर होते. हे हँगओव्हर समजून घरी लिंबूपाणी पाजत बसलो तर वेळ निघून जाते. दिसेनासे होत असेल किंवा धाप लागत असेल तर इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो वा बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिळेल त्या वाहनाने गाठावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगावे. लाजेपायी लपवलेली माहिती उपचाराला मुकवते.

माप: अंदाजपंचे नको

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कडक मद्यात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निकामी करू शकते. ना लिंबूपाणी त्याचा वेग वाढवते, ना कॉफी, ना थंड पाण्याची अंघोळ. मोठा ग्लास, भरपूर बर्फ आणि वरून डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेली बाटली असली की ‘एक’ म्हणून घेतलेला पेला प्रत्यक्षात दीड-दोन पेगांचा निघतो.

मोटार वाहन कायद्यात वाहन चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एकच मोठा पेग घेतला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. कमी वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ती आणखी सहज ओलांडली जाते. बारामतीहून भिगवण, वालचंदनगर किंवा इंदापूरकडे रात्री परतणाऱ्यांना गळीत हंगामात रस्त्यावर काय असते ते ठाऊक आहे. मागे लाल दिवा नसलेली, उसाने खच्चून भरलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते. शुद्धीतल्या माणसाचीही तिथे तारांबळ उडते. यजमानाने पाहुण्याच्या गाडीची किल्ली काढून घेऊन त्याची झोपायची सोय करणे हा पाहुणचाराचाच भाग मानायला हवा.

आणि ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ हा दिलासा आता विज्ञान देत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कुठलेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. ग्लासाच्या कडेचे मीठही हिशेबात धरावे. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ, ही त्याच संघटनेची शिफारस आपण लोणचे-पापडातच ओलांडतो.

यजमानाने काय करावे

बैठकीआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, ‘कुठली गोळी चालू आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर त्या ग्लासात ग्रेपफ्रूट किंवा पपनस नको, संत्रे चालेल. गोळी कोणती आणि तिच्याबरोबर मद्य चालेल का, हे मात्र ज्याचे त्याने डॉक्टरांना आधीच विचारलेले असावे. मद्य मापानेच ओतावे, एका ग्लासात ३० मिलिलिटरच्या वर नको. आधी जेवण, मग पेला. एका पेल्यामागे तेवढेच पाणी. राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. कॉलेजातल्या पुतण्याला ‘चव तर बघ’ म्हणणे कायद्यात बसत नाही. गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला, यकृताचा आजार असलेल्याला आणि सोडण्याच्या प्रयत्नात असलेल्याला आग्रह करणे हा तर क्रूरपणाच.

खरे तर या पेयातली मजा टकिलाची कमी आणि आंबट-तिखट-खारट मेळाची जास्त आहे. इंदापूरच्या पेरूचा गर किंवा डाळिंबाचा रस, लिंबू, चिमूटभर काळे मीठ, मिरचीचा एक उभा काप आणि सोडा हे पेय मद्याशिवायही तितकेच झणझणीत लागते. डाळिंबाच्या रसाचा सीवायपी३ए४वर काचेच्या नळीत परिणाम दिसला होता, पण माणसांवरच्या चाचण्यांत तो टिकला नाही. त्यामुळे ग्रेपफ्रूटसारखा इशारा त्याला लागू नाही. मधुमेहींनी मात्र रसातल्या साखरेकडे लक्ष ठेवावे.

शेवटचा प्रश्न सरकारला. मद्याच्या बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ हा इशारा छापणे २०१९ पासून बंधनकारक आहे. पण तो सगळ्यांना उद्देशून असल्याने कोणालाच उद्देशून नसतो. रोज गोळी घेणाऱ्या माणसाला हवी असते ती नेमकी माहिती. या गोळीबरोबर मद्य नको, या गोळीबरोबर ग्रेपफ्रूट-पपनस नको, एवढेच आणि तेही मराठीत. अमेरिकेत काही औषधांच्या लेबलवर ग्रेपफ्रूटचा इशारा असतो. आपल्याकडे औषध दुकानदाराने गोळ्यांची पट्टी कापून देताना तोंडी सांगितले तरी पुरे, पण पट्टी कापली की नावही अर्धे कापले जाते, माहिती तर दूरच. मद्यावरच्या शुल्कातून १४ हजार कोटी रुपये जास्तीचे अपेक्षित असतील, तर त्यातला अगदी छोटा वाटा औषध दुकानांत लावायच्या मराठी फलकांवर आणि आरोग्य केंद्रांतल्या दोन मिनिटांच्या समुपदेशनावर खर्च करायला काय हरकत आहे? लोक काय पितात ते बदलत आहे. ते कशाबरोबर पितात, हे विचारण्याची सवय डॉक्टर, दुकानदार आणि यजमान या तिघांनाही आता लावून घ्यावी लागेल.